‘प्रोफाइल मिसिंग’ दिसलं म्हणजे मेल गेले असं नाही

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. “अरे, जरा वर येतोस का? मेल उघडत नाहीये. सगळं गेलं बहुतेक.”

काकांचं ‘सगळं’ म्हणजे 2009 पासूनचा सोसायटीचा पत्रव्यवहार. लिफ्टवाल्याशी झालेली भांडणं, कन्व्हेयन्सची कागदपत्रं, थकबाकीदारांना धाडलेली स्मरणपत्रं आणि त्यांना आलेली उत्तरं. ही उत्तरं काका फार जपतात. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते आणि तिचा मसुदा मेलमध्येच होता, त्यामुळे घरात वातावरण तंग होतं.

पडद्यावर एक छोटी चौकट होती. शीर्षक, ‘प्रोफाइल मिसिंग’. खाली इंग्रजीत दोन वाक्यं, त्यांचा मतितार्थ असा: तुमचं थंडरबर्ड प्रोफाइल उघडता येत नाही, ते जागेवर नसेल किंवा तिथवर पोचता येत नसेल. त्याखाली एकच बटण, ‘ओके’. ओके दाबलं की चौकट जाते आणि तिच्याबरोबर प्रोग्रामही जातो. काकांनी ते वीसेक वेळा दाबून झालं होतं. शेजारी त्यांचा भाचा उभा होता, दिवाळीच्या आधी मामांचा कॉम्प्युटर ‘साफ’ करून द्यायला आलेला. तो म्हणाला, “मामा, थंडरबर्ड काढून परत टाकूया. पाच मिनिटांचं काम.”

त्याला थांबवलं. असा निरोप आला की बहुतेक माणसं पहिल्यांदा हेच करतात, आणि त्यातून काही साध्य होत नाही. का होत नाही, ते कळलं की निम्मं काम झालं.

कारकून आणि दप्तर

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम म्हणजे एक कारकून समजा. पत्रं आणणं, लावणं, धाडणं हे त्याचं काम. पण पत्रं त्याच्या खिशात नसतात. ती दप्तरात असतात आणि दप्तर वेगळ्या खोलीत असतं. त्या दप्तरालाच प्रोफाइल म्हणतात. तुमची खाती, साठवलेले पासवर्ड, पत्त्यांची वही, फिल्टर, उतरवून घेतलेले सगळे मेल, अगदी पडद्यावरचा कुठला रकाना किती रुंद ठेवलाय हेसुद्धा दप्तरात असतं.

कारकून विंडोजमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात राहतो. दप्तर राहतं तुमच्या नावाच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’, त्यात ‘रोमिंग’, त्यात ‘थंडरबर्ड’, त्यात ‘प्रोफाइल्स’ अशा चार दारांच्या आत. त्यातलं पहिलं दारच विंडोज लपवून ठेवतं.

आता प्रोग्राम काढून पुन्हा टाकणं म्हणजे काय, तर जुन्या कारकुनाला घरी पाठवून नवा बोलावणं. नवा येतो, त्याच खोलीत जातो, दप्तर तिथे नाहीच, म्हणून तोही तीच चौकट दाखवतो. दप्तर हरवलेलं असताना कारकून बदलून काय उपयोग?

हे दोन भाग वेगळे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. थंडरबर्डची 1.0 आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली, पण प्रोफाइल ही कल्पना त्याच्याही आधीची, नेटस्केपच्या काळातली. घरात एकच कॉम्प्युटर आणि वापरणारी माणसं चार, असा तो जमाना. बाबांचे मेल वेगळे, ताईचे वेगळे, म्हणून प्रत्येकाचं दप्तर वेगळं. आज घरात माणसं चार आणि मशिनं सहा अशी स्थिती आहे, पण व्यवस्था तीच राहिली. मला ती आवडते. सगळं आयुष्य एका फोल्डरात आहे, तो फोल्डर उचलला की नव्या मशिनवर सगळं जसंच्या तसं. तोटा एवढाच की कुणी भलत्यानेच उचलला तरी तो तितक्याच सहज उचलला जातो.

चिठ्ठी

कारकुनाला दप्तर कुठे आहे ते कसं कळतं? त्यासाठी दारातच एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ‘थंडरबर्ड’ फोल्डरातच, ‘प्रोफाइल्स’ फोल्डरच्या शेजारी, ‘प्रोफाइल्स.आयएनआय’ नावाची छोटी फाइल असते. (फाइल्सची नावं मी देवनागरीत लिहितोय, मशिनवर ती रोमन अक्षरांत दिसतील.) सकाळी प्रोग्राम उघडला की आधी ही चिठ्ठी वाचली जाते, मग त्यात लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन दप्तर उघडलं जातं.

चिठ्ठी आहे, पत्ता आहे, पण पत्त्यावर दप्तर नाही किंवा खोलीला कुलूप आहे, अशा वेळी ‘प्रोफाइल मिसिंग’ दिसतं. म्हणून मी तर म्हणेन, ही चौकट दिसली म्हणजे नशीब चांगलं. चिठ्ठीच गेली असती तर कारकुनाने काहीही न बोलता नवं कोरं दप्तर मांडलं असतं आणि ‘या, तुमचं खातं जोडा’ असं हसतमुखाने म्हटलं असतं. ते जास्त वाईट. तक्रार येते आहे, याचा अर्थ काय हरवलंय ते प्रोग्रामला अजून आठवतंय.

म्हणूनच ‘प्रोफाइल्स.आयएनआय उडवून टाका, चौकट जाईल’ हा ऐकीव सल्ला मानू नका. चौकट जाईल हे खरं. पत्ताही जाईल.

आता ती चिठ्ठी वाचू. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. जी पट्टी येईल तिच्यात टक्क्याचं चिन्ह, लगेच ॲपडेटा, लगेच पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता, असं लिहून एंटर करा. लपवलेलं पहिलं दार ओलांडून थेट ‘रोमिंग’मध्ये पोचाल. तिथे ‘थंडरबर्ड’. आत चिठ्ठी. नोटपॅडमध्ये उघडा, पण काही बदलू नका.

काकांच्या चिठ्ठीत दहा-बारा ओळी होत्या. चौकटी कंसात ‘प्रोफाइल0’ असं शीर्षक, त्याखाली ‘नेम’, मग ‘इझरिलेटिव्ह’ आणि मग ‘पाथ’. ‘पाथ’पुढे ‘प्रोफाइल्स’, तिरकी रेघ आणि मग दप्तराच्या फोल्डरचं नाव: आधी आठ अर्थहीन अक्षरं-आकडे, मग टिंब, मग ‘डिफॉल्ट-रिलीज’. आठ अक्षरं मुद्दाम अर्थहीन असतात. बाहेरच्या कुठल्या उपद्रवी प्रोग्रामला दप्तराचा पत्ता अंदाजाने सांगता येऊ नये म्हणून. ‘इझरिलेटिव्ह’पुढे 1 असेल तर पत्ता चिठ्ठी जिथे आहे त्या फोल्डरपासून मोजायचा. 0 असेल तर तो पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरापासून. खाली ‘इन्स्टॉल’ने सुरू होणारा आणखी एक भाग असतो आणि त्यात ‘डिफॉल्ट’पुढे तोच पत्ता पुन्हा लिहिलेला असतो. कुठलं दप्तर आपोआप उघडायचं ते या दुसऱ्या ओळीवरून ठरतं.

मग ‘प्रोफाइल्स’ फोल्डर उघडला. रिकामा.

भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “सी ड्राइव्ह भरला होता ना. कुठले फोल्डर मोठे आहेत ते दाखवणारा एक प्रोग्राम लावला, तर एकच फोल्डर अकरा जीबीचा निघाला. नाव बघितलं तर काहीतरी कचऱ्यासारखं. म्हणून बाहेरच्या डिस्कवर टाकला.”

त्याची चूक म्हणवत नाही. त्या नावाकडे बघून कुणालाही तो कचराच वाटेल. आणि त्याने डिलीट न करता हलवला, हे त्याचं मोठं पुण्य.

दुरुस्तीआधीची एक गोष्ट

दप्तर सापडलं तरी लगेच जागेवर ढकलू नका. आधी त्याची एक प्रत दुसरीकडे करा. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. कॉपी मध्येच अडकली तर मूळ तरी शाबूत राहतं. कट-पेस्ट करताना अर्ध्यात लाइट गेली की निम्मं इकडे, निम्मं तिकडे आणि कुठलं कुठे याचा हिशेब लावत बसावं लागतं. हे सगळं थंडरबर्ड पूर्ण बंद असताना करायचं.

बाहेरच्या डिस्कवर काकांचं दप्तर मिळालं, पण भाच्याने जाता जाता त्याचं नावही बदललं होतं: ‘जुने मेल बहुतेक’. इथे चिठ्ठी कामी आली. मूळ नाव तिच्यात अक्षरन् अक्षर होतं. फोल्डर सी ड्राइव्हवर परत कॉपी केला आणि चिठ्ठीतलं नाव उचलून त्याला चिकटवलं. हाताने टाइप करू नका. इंग्रजी ओ आणि शून्य यांत घोळ होतो.

फोल्डर परत आणायला जागाच नसेल तर? तो दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवूनही चालतो, फक्त नवा पत्ता कळवावा लागतो. चिठ्ठी हाताने दुरुस्त करता येते, पण पत्ता दोन ठिकाणी असतो, शिवाय शेजारच्या ‘इन्स्टॉल्स.आयएनआय’ या फाइलमध्येही त्याची नक्कल असते. एक राहिलं की पुन्हा गोंधळ. त्यापेक्षा प्रोफाइल मॅनेजर वापरा. पुन्हा विंडोज आणि आर, पट्टीत ‘थंडरबर्ड.ईएक्सई’, एक जागा, आडवी रेघ आणि कॅपिटल पी. एक छोटी खिडकी उघडेल. ‘क्रिएट प्रोफाइल’ दाबा, पुढे ‘चूज फोल्डर’ हे बटण येईल, त्यात तुमचं जुनं दप्तर जिथे आहे तो फोल्डर दाखवा. नाव ‘नवं’ असलं तरी आतला माल जुनाच राहतो.

या खिडकीत एक सापळा आहे. जुनं, बिघडलेलं नाव यादीतून काढायला गेलात की ती विचारते, फाइल्सही काढू का? ‘डोन्ट डिलीट फाइल्स’ हेच दाबा, नेहमी. ‘डिलीट फाइल्स’ दाबलं की त्या प्रोफाइलला जोडलेल्या फोल्डरातलं जे काही असेल ते सगळं जातं, मेल असो वा नसो. कुणी ‘चूज फोल्डर’मध्ये चुकून आख्खा ‘डॉक्युमेंट्स’ दाखवला असेल, तर मेलबरोबर मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादीही जाईल.

दप्तर आहे, पण कुलूप आहे

चौकटीतलं दुसरं वाक्य आठवा: ‘किंवा तिथवर पोचता येत नसेल’. फोल्डर जागेवर दिसतो, नाव बरोबर, तरी तोच निरोप. हे बहुधा विंडोज नव्याने टाकल्यावर किंवा जुन्या मशिनची डिस्क नव्याला जोडून फोल्डर आणल्यावर होतं. फोल्डर आला, पण त्याची मालकी जुन्याच नावावर राहिली. सात-बारा बापाच्या नावावर आणि कसतोय मुलगा, तशी गत. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’ या टॅबमध्ये आपल्या नावाला ‘फुल कंट्रोल’ आहे का ते पाहावं, नसेल तर द्यावा. लिनक्सवाल्यांचं हे दुखणं ठरलेलं: फोल्डर ‘सुडो’ (सर्वाधिकाराने काम करायची आज्ञा) लावून कॉपी केला, त्यामुळे मालक ‘रूट’, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी, झाला आणि रोजचा वापरणारा बाहेर उभा. मालकी परत आपल्या नावावर केली की काम झालं. कधीतरी कुणी थंडरबर्डच ‘सुडो’ लावून उघडतं आणि दप्तरातल्या काही फाइल्स रूटच्या होऊन बसतात. तिथेही उपाय तोच.

बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर दप्तर ठेवणाऱ्यांनी आधी हे बघावं की ड्राइव्हचं अक्षर बदललं तर नाही. काल ई होता, आज प्रिंटरचं कार्ड रीडर जोडल्यामुळे एफ झाला, एवढ्यानेही पत्ता चुकतो. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून जुनं अक्षर परत देता येतं.

‘आधीच चालू आहे’ म्हणणारा कारकून

याच जातीचा आणखी एक निरोप: थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण दाद देत नाही, आधी ते बंद करा. पडद्यावर तर काहीच उघडलेलं नसतं. होतं असं की आदल्या वेळी खिडकी बंद झाली, पण आतलं काम संपलं नाही आणि प्रोग्राम पडद्यामागे तसाच राहिला. दप्तर एका वेळी एकाच कारकुनाने हाताळावं म्हणून तो उघडताना आत ‘पॅरंट.लॉक’ नावाची फाइल ठेवतो, देवळाबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी. आत कुणीतरी आहे, ही खूण.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, थंडरबर्ड दिसला की ‘एंड टास्क’. बहुतेकदा एवढ्याने भागतं. मशिन बंद करून चालू केलं तरी तेच होतं. तरीही निरोप गेला नाही, तरच दप्तरातली ‘पॅरंट.लॉक’ काढा. लिनक्सवर ‘लॉक’ आणि सुरुवातीला टिंब असलेली ‘.पॅरंटलॉक’ अशा दोन असतात. पण आत खरोखर कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय चपला उचलू नका. दोन कारकून एकाच वहीत एकदम लिहायला लागले तर वही फाटते.

चौकटच नाही, पण मेलही नाहीत

हा प्रकार मी सर्वांत जास्त पाहिलाय, म्हणून जरा थांबून सांगतो. थंडरबर्ड छान उघडतं, तक्रार काही नाही, फक्त समोर नवं खातं जोडायचा फॉर्म. पंधरा वर्षांचे मेल गायब. माणूस घाबरून खातं पुन्हा जोडतो, थोडे मेल येतात, उरलेले ‘सर्व्हरने खाल्ले’ असं म्हणत गप्प बसतो.

2019 साली आलेल्या 68 व्या आवृत्तीपासून थंडरबर्डने एक नियम केला: मशिनवर प्रोग्राम जितक्या वेगळ्या जागी टाकलेला असेल तितकी दप्तरं वेगळी. हेतू चांगला होता, एका आवृत्तीने दुसरीचं दप्तर खराब करू नये. पण त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरात टाकला, 32 बिटचा काढून 64 बिटचा आणला, की नवा कारकून नवं दप्तर मांडू शकतो. जुनं तिथेच असतं, शेजारी, धूळ खात. ‘प्रोफाइल्स’ फोल्डर उघडलात तर दोन फोल्डर दिसतील, एकाच्या शेपटीला नुसतं ‘डिफॉल्ट’ आणि दुसऱ्याच्या ‘डिफॉल्ट-रिलीज’. खरं कुठलं? नावावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा. एक काही एमबीचं आणि एक कित्येक जीबीचं असेल तर सांगायला ज्योतिषी नको.

मग ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा, तिथून ‘अबाउट:प्रोफाइल्स’ या पानावर जा. तिथे सगळी दप्तरं त्यांच्या पत्त्यांसह मांडलेली असतात. जडवाल्यापुढे ‘सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल’ दाबा, प्रोग्राम बंद करून उघडा. ज्यांचं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) 24.04 वर गेलंय त्यांनी जुन्या जागेबरोबर आपल्या होम फोल्डरातला ‘स्नॅप’ हा फोल्डरही पाहावा, कारण तिथे थंडरबर्ड स्नॅपच्या पेटीतून येतं आणि त्याचं दप्तरही त्या पेटीत राहतं.

त्याच 68 व्या आवृत्तीपासून आणखी एक आडकाठी आली. दप्तर नव्या आवृत्तीने एकदा उघडलं की जुनी आवृत्ती त्याला हात लावायला नकार देते आणि ‘नवं प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा’ म्हणते. ऑफिसच्या नव्या मशिनवरचं दप्तर घरच्या जुन्या मशिनवर नेलं की हमखास भेटणारी चौकट. उपाय साधा: जुन्या मशिनवरचं थंडरबर्ड अद्ययावत करा. जबरदस्तीने जुन्यातच उघडायला लावणारी एक आज्ञाही आहे, पण पत्त्यांच्या वहीची वगैरे मांडणी आवृत्तीगणिक बदलत आलीय, त्यामुळे प्रत हाताशी नसताना ती वापरणं म्हणजे दारू पिऊन घाट उतरणं.

दप्तराच्या आत

मशिनवर ज्याला काही हरवल्याची धास्ती आहे त्याने एकदा तरी दप्तराच्या आत डोकवावं. ‘मेल’ नावाच्या फोल्डरात पॉप पद्धतीचे (मशिनवर उतरवून घेतलेले) मेल आणि ‘लोकल फोल्डर्स’, ‘आयमॅपमेल’मध्ये आयमॅपचे (मूळ पत्रं सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीचे). त्यात ‘इनबॉक्स’ नावाची, मागे कुठलंही शेपूट नसलेली एक फाइल असते. तीच तुमची इनबॉक्स. हजारो मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक, रोजकीर्दीसारखे. तिच्या शेजारची ‘इनबॉक्स.एमएसएफ’ ही नुसती अनुक्रमणिका. ती खराब झाली तर काढून टाका, प्रोग्राम नवी बनवतो. शेपूट नसलेलीला मात्र हात लावायचा नाही. आणि याच एक-फाइल पद्धतीमुळे एक धोका संभवतो: अँटिव्हायरसला एका मेलमध्ये विषाणू सापडला आणि त्याने फाइलच उचलून कोंडली, तर आख्खी इनबॉक्स आत. म्हणून अँटिव्हायरसला दप्तराचा फोल्डर वगळायला सांगून ठेवतात.

‘प्रेफ्स.जेएस’ ही खात्यांची नोंदवही. लिहिता लिहिता लाइट गेली आणि ही बिघडली तर खाती दिसेनाशी होतात, मेलच्या फाइल्स मात्र शाबूत असतात. साठवलेले पासवर्ड ‘लॉगिन्स.जेसन’मध्ये आणि त्यांची किल्ली ‘की4.डीबी’मध्ये, प्रत घेताना दोन्ही घ्या, एकटीचा उपयोग नाही. पत्त्यांची वही ‘एबुक.एसक्यूलाइट’.

आणि दप्तर खरोखरच नष्ट झालं असेल तर? तर मग तुमचं खातं आयमॅप होतं की पॉप, यावर सगळं अवलंबून. आयमॅपमध्ये मूळ पत्रं सर्व्हरवर असतात, मशिनवर फक्त प्रत. नवं प्रोफाइल करून खातं जोडा, पत्रं परत येतील. जातील ते ‘लोकल फोल्डर्स’मध्ये स्वतः हलवून ठेवलेले मेल. पॉपमध्ये मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवर राहीलच असं नाही, तेव्हा मशिनवरची प्रत हीच एकमेव असू शकते. काकांचं खातं पॉप होतं. भाच्याने तो फोल्डर डिलीट केला असता, तर सोसायटीचा 2009 पासूनचा इतिहास तिथेच संपला असता.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात

आउटलुकमध्येही प्रोफाइल हाच शब्द आहे, पण अर्थ निराळा. तिथे प्रोफाइल म्हणजे नुसती नोंद, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बसलेली. मेल वेगळ्या फाइल्समध्ये, पीएसटी किंवा ओएसटी. म्हणून ‘फोल्डर्सचा संच उघडता येत नाही’ असं म्हणत आउटलुक सुरू होईना, तर तिथे नवं प्रोफाइल बनवणं हा सरळ उपाय आहे, थंडरबर्डइतकी धाकधूक नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’, मग ‘शो प्रोफाइल्स’, मग ‘ॲड’. त्याआधी ‘आउटलुक.ईएक्सई’पुढे तिरकी रेघ आणि ‘रिसेटनॅवपेन’ असं लिहून चालवून पाहा, कधी कधी फक्त डावीकडचा रकाना बिघडलेला असतो. ओएसटी ही सर्व्हरची प्रत, गेली तर पुन्हा बनते. पीएसटी गेली तर गेली. ती बिघडली असेल तर ‘स्कॅनपीएसटी’ हे आउटलुकबरोबरच येणारं साधन वापरा, अर्थात प्रत काढून. जुन्या आउटलुकमध्ये, म्हणजे 2002 पर्यंतच्या, पीएसटी 2 जीबीच्या पुढे गेली की उघडतच नसे. 2010 पासून ही मर्यादा मुळात 50 जीबी ठेवलेली आहे.

परत काकांच्या घरी

अकरा जीबी कॉपी व्हायला पाऊण तास लागला. तेवढ्यात दोन चहा झाले आणि भाच्याला दप्तर-कारकुनाची गोष्ट सांगून झाली. सी ड्राइव्हवर जागा करायची होतीच, ती ‘डाउनलोड्स’मधल्या जुन्या सिनेमांनी दिली. थंडरबर्ड उघडलं. डावीकडे फोल्डर एकेक करून आले. काकांनी आधी सभेचा मसुदा शोधला, मग न सांगता 2014 मधलं तिसऱ्या मजल्यावरचं एक उत्तर उघडून मोठ्याने वाचलं.

प्रत कशी घेत राहायची तेही ठरवलं. थंडरबर्डमध्ये ‘टूल्स’ मेनूत ‘एक्सपोर्ट’ आहे, पण 2 जीबीच्या वरच्या दप्तरांसाठी ते साधन नाही, हे तो प्रोग्राम स्वतःच सांगतो. म्हणून काकांसाठी साधी पद्धत: महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रोग्राम बंद करायचा, आख्खा ‘थंडरबर्ड’ फोल्डर, म्हणजे दप्तर आणि चिठ्ठी दोन्ही, बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या नावाने कॉपी करायचा. चालू दप्तर वनड्राइव्हसारख्या सतत जुळवून घेणाऱ्या फोल्डरात मात्र ठेवायचं नाही. कारकून लिहितोय आणि तिसराच कुणी वही ओढतोय, असं तिथे होतं.

मी निघालो तेव्हा काका माउस घेऊन बसले होते. “हे नाव बदलून ठेवतो,” ते म्हणाले. “या आठ अक्षरांच्या जागी ‘कृपया हात लावू नये’ लिहितो. म्हणजे परत कुणी उचलायला नको.”

“काका, नाव बदललंत की उद्या सकाळी पुन्हा तीच चौकट!”

ते थांबले. मग ‘प्रोफाइल्स’च्या आत, त्या फोल्डरच्या शेजारी, त्यांनी नोटपॅडची एक नवी कोरी फाइल बनवली आणि तिला ते नाव दिलं. तिथे ती चालते. खाली सही म्हणून कंसात ‘सेक्रेटरी’ही लिहिलं.